डॉली पार्टन : सगळ्यात जास्त विचारले जाणारे प्रश्न (आणि जरा लांबलचक उत्तरं)

ही डॉली पार्टन नक्की कोण? व्हिटनी ह्यूस्टनचं ते फेमस गाणं हिचं आहे असं कोणीतरी म्हणालं, खरं का?

एकदम खरं. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गाणं डॉलीने १९७३ मध्ये लिहिलं, १९७४ मध्ये स्वतः गाऊन रिलीज केलं आणि व्हिटनीने ते गायलं त्यानंतर अठरा वर्षांनी, १९९२ मध्ये. आपल्याकडे बहुतेकांना फक्त व्हिटनीचं माहितीये. मलाही बरीच वर्षं तेवढंच माहिती होतं आणि मूळ गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अक्षरशः गप्प बसून राहिले, कारण ते इतकं हळू, इतकं साधं आहे की वाटतं समोर बसून कोणीतरी निरोप घेतंय.

थोडक्यात ओळख म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली कंट्री गायिका, जन्म १९ जानेवारी १९४६. पण माझ्या मते ती आधी गीतकार आणि मग गायिका. तिच्या स्वतःच्या सांगण्यानुसार तिने ३००० च्या वर गाणी लिहिलीत. लोक तिचा विग बघतात, ड्रेस बघतात आणि लिहिणारी बाई राहूनच जाते, हे पान लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

आणि हो, मी तिला 'ती' म्हणतेय, 'त्या' नाही. आपण लता, आशा म्हणतो ना, त्याच मायेने.

कंट्री म्युझिक म्हणजे गावाकडची गाणी का?

हो, मुळात तेच. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडमधून अमेरिकेच्या डोंगराळ भागात जाऊन राहिलेल्या लोकांनी आपली जुनी कथागीतं सोबत नेली, त्यात चर्चमधली भजनं मिसळली, बॅन्जो हे तंतुवाद्य आलं ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून, फिडल म्हणजे व्हायोलिन होतंच, आणि या सगळ्याचं जे झालं ते रेकॉर्ड कंपन्यांनी १९२० च्या दशकात विकायला सुरुवात केली. १९२७ मध्ये टेनेसीच्या ब्रिस्टल गावात झालेली रेकॉर्डिंग त्यातली सगळ्यात गाजलेली. डॉलीचं घर याच डोंगररांगेत, स्मोकी माउंटन्समध्ये. म्हणजे तिला हे संगीत शिकायला कुठे जावंच लागलं नाही, ते घरात होतं.

लहानपणी फार गरिबी होती म्हणतात. डॉक्टरची फी पिठाने दिली हे खरं की पब्लिसिटी?

खरं आहे. सेव्हिअर काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच) लिटल पिजन नदीच्या काठी एका खोलीचं लाकडी घर, त्यात तिचा जन्म झाला आणि बाळंतपणाला आलेल्या डॉ. रॉबर्ट थॉमस यांना वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं कारण हातात पैसे नव्हते. तिने पुढे या डॉक्टरांवर गाणंही लिहिलं. बारा भावंडं, त्यात डॉली चौथी. वडील रॉबर्ट ली दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करायचे, नंतर थोडी स्वतःची जमीन झाली, तंबाखू वगैरे लावायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं पण व्यवहारात माणूस एकदम पक्का, असं डॉली नेहमी सांगते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आई एव्ही ली गाणारी. जुनी कथागीतं तिला तोंडपाठ. आजोबा पेंटेकोस्टल पंथाचे धर्मोपदेशक, त्यांच्या चर्चमध्ये नातवंडं गायची.

मग गाणं शिकली कुणाकडून?

शाळा-क्लास काही नाही. लिहिता यायच्या आधीपासून गाणी रचायची आणि आई ती कागदावर उतरवून ठेवायची. आठ वर्षांची असताना बिल ओवेन्स या मामाने तिला पहिली खरी गिटार दिली, आणि हा मामा या गोष्टीतला फार महत्त्वाचा माणूस आहे बरं का, कारण त्यानेच तिला दहाव्या वर्षी नॉक्सव्हिलच्या कॅस वॉकरच्या रेडिओ-टीव्ही शोपर्यंत नेलं, तोच तिला घेऊन नॅशव्हिलच्या (टेनेसीतलं कंट्री संगीताचं मोठं केंद्र) चकरा मारायचा. १९५९ मध्ये, म्हणजे तेराव्या वर्षी, 'पपी लव्ह' ही पहिली रेकॉर्ड आली, लुइझियानातल्या एका छोट्या कंपनीकडून. त्याच वर्षी ग्रँड ओल ऑप्रीच्या स्टेजवर गायली. ऑप्री म्हणजे कंट्रीवाल्यांची पंढरी. तिथे तिला जॉनी कॅश हा मोठा कंट्री गायक भेटला आणि मनाला येईल तसं कर असं सांगून गेला.

१९६४ मध्ये बारावी झाली. घरातली हायस्कूल पूर्ण करणारी ती पहिली. आणि दुसऱ्याच दिवशी बस धरून नॅशव्हिल.

नॅशव्हिलला गेल्या गेल्या स्टार झाली का?

नाही हो. आधी गाणी विकली गेली, आवाज नंतर. मामा आणि भाचीने मिळून लिहिलेलं 'पुट इट ऑफ अंटिल टुमॉरो' १९६६ मध्ये बिल फिलिप्सने गायलं आणि ते हिट झालं. त्यात मागे कोरसला डॉलीचाच आवाज आहे आणि लोक रेडिओला विचारायचे की ही मागे गाणारी मुलगी कोण. तिच्या रेकॉर्ड कंपनीला मात्र वाटत होतं की एवढा बारीक उंच आवाज कंट्रीत चालणार नाही, हिला पॉप गायला लावू. १९६७ मध्ये 'डम्ब ब्लॉन्ड' आलं, तिचं पहिलं चाललेलं कंट्री गाणं, हे मात्र तिने लिहिलेलं नाही.

या काळातली सगळ्यात मोठी गोष्ट कुणी सांगत नाही ती अशी, की मामा-भाचीने तेव्हाच स्वतःची पब्लिशिंग कंपनी काढली. नाव ओव-पार, ओवेन्समधलं ओव आणि पार्टनमधलं पार. वय वीसच्या आसपास, घरी पाठवायला पैसे नाहीत, पण गाण्याचे कागद आपल्या नावावर. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

पोर्टर वॅगनर कोण होता? त्यांच्यात भांडण का झालं?

पोर्टर म्हणजे त्या काळचा मोठा कंट्री स्टार, चमचमते सूट, स्वतःचा टीव्ही शो. १९६७ मध्ये त्याच्या शोमधली गायिका नॉर्मा जीन सोडून गेली आणि तिच्या जागी त्याने डॉलीला घेतलं. सुरुवातीला प्रेक्षक चक्क ओरडायचे, नॉर्मा जीनला आणा म्हणून. मग पोर्टर तिच्यासोबत द्वंद्वगीतं गायला लागला, लोकांनी तिला स्वीकारलं, पुरस्कार मिळाले, आणि त्यानेच तिला आरसीए या मोठ्या कंपनीत नेलं. तिच्यासाठी त्याने केलं ते कमी नाही, हे ती स्वतः कायम मान्य करते.

पण तिने पाच वर्षं सांगितली होती आणि सात झाली. तिला एकटीने गायचं होतं, बँड स्वतःचा हवा होता, आणि पोर्टर ऐकायलाच तयार नाही. रोज वाद. शेवटी ती म्हणते, बोलून उपयोग नव्हता म्हणून मी घरी जाऊन गाणं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात जाऊन म्हणून दाखवलं. पोर्टर रडला. म्हणाला जा, पण या गाण्याची रेकॉर्ड मी करणार. तेच 'आय विल ऑलवेज लव्ह यू'.

म्हणजे ते प्रियकराला लिहिलेलं गाणं नाहीये! नोकरी सोडताना आपल्या साहेबाला लिहिलेला निरोप आहे. हे कळल्यावर परत ऐका, सगळे शब्द वेगळे लागतात. १९७४ च्या जूनमध्ये ते कंट्री चार्टवर एक नंबरला गेलं.

पुढे पोर्टरने १९७९ मध्ये तिच्यावर केस केली, कोर्टाबाहेर मिटवली. तरी नंतर त्यांचं जुळलं आणि २००७ मध्ये तो गेला त्याआधी ती त्याला भेटायला गेली होती.

एल्विस प्रेस्लीला तिने नाही म्हटलं? एल्विसला??

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट सांगते.

एल्विसला हे गाणं आवडलं होतं, तो ते रेकॉर्ड करणार होता, डॉलीला स्टुडिओत बोलावणंही झालं. ती सगळ्यांना सांगत सुटली होती. आणि रेकॉर्डिंगच्या तोंडावर एल्विसचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याचा फोन आला, की एल्विस जे गाणं गातो त्याचे निम्मे पब्लिशिंग हक्क आम्ही घेतो, हा आमचा नियमच आहे.

आता हे पब्लिशिंग म्हणजे काय ते समजलं नाही तर गोष्टीतला दम कळत नाही. गाण्याचे हक्क दोन प्रकारचे असतात, एक त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, जो साधारण कंपनीकडे असतो, आणि दुसरा मूळ गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसऱ्या हक्काचे पैसे रेकॉर्ड विकली, रेडिओवर वाजली, दुसऱ्याने गायली, सिनेमात घेतली की येत राहतात. त्या पैशाचा अर्धा भाग लिहिणाऱ्याचा आणि अर्धा पब्लिशरचा अशी जुनी पद्धत. डॉलीची स्वतःची कंपनी असल्यामुळे लिहिणाऱ्याचा अर्धा तर तिचाच, पण पब्लिशरचा अर्धाही तिच्याच कंपनीकडे. त्यातला एक तुकडा कायमचा पार्करला हवा होता. खरंतर एकदा रिलीज झालेलं गाणं अमेरिकेत कायद्याने ठरलेली फी भरून कुणीही गाऊ शकतं, पण एल्विसच्या लोकांचं म्हणणं होतं हिस्सा नसेल तर गायचंच नाही.

ती नाही म्हणाली. म्हणाली हे माझं गाणं आहे, हे मी माझ्या घरच्यांसाठी ठेवणार. आणि रात्रभर रडली, कारण एल्विसच्या आवाजात ते कसं वाटेल हे तिच्या कानात वाजत होतं. सगळे म्हणत होते वेडी आहेस.

मग १९९२. 'द बॉडीगार्ड' सिनेमासाठी त्याचा हीरो केव्हिन कॉस्टनरला एक शेवटचं गाणं हवं होतं, आधी ठरलेलं दुसऱ्या एका सिनेमात वापरलं गेलं, म्हणून त्याने हे सुचवलं. त्यांच्याकडे लिंडा रॉनस्टॅड या गायिकेने गायलेली आवृत्ती होती ज्यात शेवटचं कडवंच नाही. संगीतकार डेव्हिड फॉस्टरने डॉलीला फोन केला तेव्हा ती म्हणाली अरे, अजून एक कडवं आहे, आणि त्याला दिलं. व्हिटनीचं गाणं अमेरिकेच्या मुख्य चार्टवर सलग १४ आठवडे एक नंबरला होतं. डॉलीने ते पहिल्यांदा गाडी चालवताना रेडिओवर ऐकलं, सुरुवातीला वाद्य नसल्यामुळे पटकन ओळखू आलं नाही आणि ओळखल्यावर तिला गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली. त्या रॉयल्टीतून आपण नॅशव्हिलमधल्या कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तीत एक ऑफिसची जागा घेतली असं तिने २०२१ मध्ये सांगितलं, व्हिटनीची आठवण म्हणून ती जागा तिला जवळची आहे.

जोलीन खरोखर कुणी होती का?

'जोलीन' हे डॉलीचं गाजलेलं गाणं, माझा नवरा हिरावून घेऊ नकोस असं एका बाईला विनवणारं. त्यातली जोलीन दोन वेगवेगळ्या व्यक्ती मिळून झालीये. नाव आलं एका छोट्या मुलीकडून, जी कार्यक्रमानंतर सही घ्यायला आली होती. गोरी, हिरवे डोळे, लाल केस. नाव काय विचारलं तर जोलीन. डॉली ते नाव विसरू नये म्हणून बसपर्यंत घोकत गेली, आणि गाण्यात तेच राहिलं, नाव परत परत. गोष्ट मात्र बँकेतल्या एका लाल केसांच्या क्लार्कची, जी तिच्या नवऱ्याशी जरा जास्तच गोड बोलायची आणि नवरापण उगाच बँकेत जायला लागला होता.

गंमत बघा, या विषयावरच्या बहुतेक गाण्यांत बायको दुसरीला शिव्या देते किंवा धमकी देते. इथे बायको समोरचीचं सौंदर्य भरभरून सांगते आणि हात जोडते. एवढं उघडं होऊन लिहायला हिंमत लागते, मला वाटतं म्हणूनच पन्नास वर्षांनंतरही ते कुणालाही गावंसं वाटतं. बियॉन्सेने २०२४ मध्ये गायलं तेव्हा मात्र शब्द बदलले, तिची बायको विनवणी नाही करत, सरळ दम देते.

एका जुन्या कॅसेटवर 'जोलीन' आणि 'आय विल ऑलवेज लव्ह यू' दोन्ही सापडली, म्हणून ती म्हणते की दोन्ही बहुतेक एकाच बैठकीत लिहिली गेली असतील.

तिचं स्वतःचं आवडतं गाणं कुठलं?

'कोट ऑफ मेनी कलर्स', १९७१. आईने चिंध्या जोडून तिला कोट शिवला होता, आपल्याकडे गोधडी शिवतात तसाच, आणि शिवता शिवता बायबलमधल्या योसेफाच्या रंगीत झग्याची गोष्ट सांगितली. पोरगी ऐटीत शाळेत गेली आणि सगळे हसले. तेवढीच गोष्ट. टूरच्या बसमध्ये सुचलं तेव्हा कागद नव्हता म्हणून पोर्टरच्या सूटांना लावलेल्या ड्रायक्लीनिंगच्या पावत्यांवर लिहिलं. आईने नंतर त्या कोटाची प्रतिकृती शिवून दिली, ती संग्रहालयात ठेवलीये. चार्टवर हे चौथ्या नंबरपर्यंतच गेलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेकॉर्डिंग संग्रहात मात्र २०११ मध्ये त्याला जागा मिळाली.

रेडिओने तिची गाणी वाजवायला नकार दिला होता का?

काही स्टेशन्सनी, हो. १९७० चं 'डाउन फ्रॉम डोव्हर' लग्नाआधी गरोदर राहिलेल्या, घरातून काढून टाकलेल्या मुलीबद्दल आहे. ते रेडिओवर चालणार नाही असं तिला आधीच सांगितलं होतं, तरी तिने रेकॉर्ड केलं. १९७५ च्या 'द बार्गेन स्टोअर'मध्ये ती स्वतःला जुन्या वापरलेल्या सामानाच्या दुकानाची उपमा देते, लोकांनी त्याचा भलताच अर्थ काढला, काहींनी वाजवलं नाही, तरी ते एक नंबरला गेलं. त्याआधी १९६८ मध्ये 'जस्ट बिकॉज आयम अ वुमन' लिहिलं होतं, पुरुषाची चूक आणि बाईची चूक सारखीच का मोजत नाहीत यावर. बावीस वर्षांची होती तेव्हा. हॉलीवूडचा झगमगाट बाजूला ठेवून ही तीन गाणी ऐका असं मी सगळ्यांना सांगते.

नखांनी गाणं बनवलं ही काय भानगड?

१९८० चा 'नाइन टू फाइव्ह' सिनेमा, जेन फोंडा आणि लिली टॉमलिन सोबत, ऑफिसात बायकांना कसं वागवतात त्याबद्दल. शूटिंगला खूप वेळ बसून राहावं लागायचं, तेव्हा तिने आपली लांब नखं एकमेकांवर घासली तर टाइपरायटरसारखा आवाज आला. त्याच ठेक्यावर गाणं रचलं आणि रेकॉर्डिंगमध्येही तो नखांचा आवाज आहे. १९८१ मध्ये ते अमेरिकेच्या मुख्य चार्टवर एक नंबर झालं, ऑस्करचं नामांकन मिळालं, दोन ग्रॅमी मिळाले.

ती कंट्री सोडून पॉपकडे गेली म्हणून लोक चिडले होते ना?

१९७७ च्या 'हिअर यू कम अगेन'पासून बोलणी खाल्ली, हो. तिचं म्हणणं की मी कंट्री सोडत नाहीये, सोबत घेऊन चाललेय. १९८३ मध्ये केनी रॉजर्ससोबतचं 'आयलंड्स इन द स्ट्रीम' तर प्रचंड गाजलं (हे बी जीज या बँडने लिहिलेलं, तिचं नाही). मधल्या काही पॉप रेकॉर्डी मला खरंच आवडत नाहीत, सिंथेसायझरखाली तिचा आवाज दबतो. पण १९८७ ची 'ट्रायो' ही रेकॉर्ड, लिंडा रॉनस्टॅड आणि एमिलू हॅरिससोबत, ती ऐकून सगळं माफ. आणि १९९९ मध्ये, जेव्हा कंट्री रेडिओने वय झालं म्हणून तिला वाजवणं जवळजवळ बंद केलं होतं, तेव्हा ती सरळ डोंगरातल्या ब्लूग्रासकडे, म्हणजे तंतुवाद्यांवरच्या जुन्या वळणाच्या कंट्रीकडे परत गेली, 'द ग्रास इज ब्लू' हा अल्बम. फिडल, बॅन्जो, मँडोलिन आणि ती.

एवढा विग, एवढा मेकअप कशाला?

लहानपणी गावात एक बाई होती, पिवळे केस, लाल ओठ, उंच टाचा. लोक तिला वाईट चालीची म्हणायचे. छोट्या डॉलीला ती जगातली सगळ्यात सुंदर बाई वाटायची आणि मोठेपणी मी अशीच दिसणार असं तिने ठरवलं. तिला सगळ्यांनी सांगितलं की असं राहशील तर गाणं कुणी गंभीरपणे घेणार नाही. तिने बदललं नाही.

नवरा कधी दिसलाच नाही, खरंच होता का?

होता. कार्ल डीन. नॅशव्हिलला उतरली त्याच दिवशी विशी वॉशी नावाच्या लाँड्रीबाहेर भेट झाली, ती १८ ची, तो २१ चा. कंपनी म्हणाली वर्षभर लग्न करू नको, करिअरला मार बसेल, म्हणून ३० मे १९६६ ला शेजारच्या जॉर्जिया राज्यात रिंगगोल्ड गावात जाऊन गुपचूप लग्न केलं, सोबत फक्त आई. त्याचा रस्त्यांवर डांबर घालायचा व्यवसाय. लग्नानंतर एका पुरस्कार सोहळ्याला गेला आणि घरी येऊन म्हणाला तुला जे करायचं ते कर, पण मला अशा ठिकाणी परत बोलावू नको. जवळजवळ साठ वर्षांचा संसार. ३ मार्च २०२५ ला तो गेला.

डॉलीवूड काय आहे?

तिच्या गावाजवळ पिजन फोर्जमध्ये आधीपासून एक थीम पार्क होतं, १९८६ मध्ये ती त्यात भागीदार झाली आणि नाव बदललं. हेतू हा की डोंगरातल्या लोकांना घराजवळ काम मिळावं. २०२२ पासून तिथल्या कामगारांच्या कॉलेजची फी कंपनी भरते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या डोंगरात वणवा लागला, माणसं गेली, घरं जळाली, तेव्हा तिच्या फाउंडेशनने घर गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला महिन्याला १००० डॉलर दिले आणि शेवटच्या सहाव्या महिन्यात ५०००. फॉर्म-बिर्मचं फारसं लचांड नाही, थेट हातात.

पुस्तकं वाटते ते काय?

आठवतं ना, वडिलांना वाचता येत नव्हतं? त्यांच्यासाठी तिने १९९५ मध्ये आपल्या काउंटीत इमॅजिनेशन लायब्ररी सुरू केली. मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक पोस्टाने घरी, मुलाच्या नावाने, फुकट. आई-बापाचं उत्पन्न विचारत नाहीत. पुढे कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंडपर्यंत गेलं. २०१८ मध्ये १० कोटीवं पुस्तक दिलं गेलं आणि तो आकडा आता दुपटीच्या पुढे आहे. मुलं तिला 'पुस्तकवाली बाई' म्हणतात. वडील २००० साली गेले, पण हे नाव त्यांनी ऐकलं आणि तिच्या सगळ्या स्टारपणापेक्षा त्यांना याचा अभिमान जास्त होता, असं ती सांगते.

कोविडच्या लसीत तिचा पैसा होता?

हो, २०२० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाला १० लाख डॉलर दिले, त्यातला काही भाग मॉडर्ना लसीच्या सुरुवातीच्या संशोधनाला गेला.

पुरस्कार?

यादी फार मोठी आहे. कंट्री चार्टवर २५ वेळा एक नंबर, १९९९ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम, २००१ मध्ये गीतकारांचं हॉल ऑफ फेम (माझ्यासाठी हे मोठं). २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने नाव घेतलं तेव्हा ती म्हणाली मी रॉकवाली नाही, माझ्यामुळे दुसऱ्या कुणाची मतं फुटायला नकोत, नाव मागे घेते. त्यांनी तरी घेतलंच. मग मान मिळालाय तर काम करून दाखवते म्हणून २०२३ मध्ये ७७ व्या वर्षी अख्खा रॉक अल्बम काढला.

मी कधीच कंट्री ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

'जोलीन'ने करा, सगळेच करतात आणि बरोबरच आहे. मग 'कोट ऑफ मेनी कलर्स'. मग मूळ 'आय विल ऑलवेज लव्ह यू', व्हिटनीचं डोक्यातून काढून. चौथं 'डाउन फ्रॉम डोव्हर', पण ते रात्री एकटे असताना नको.

आणि आवडलं तर १९७३ चा 'माय टेनेसी माउंटन होम' हा अल्बम पहिल्यापासून लावा. त्याच्या सुरुवातीला गाणंच नाहीये. अठरा वर्षांची मुलगी नॅशव्हिलला पोचल्यावर तिने आईवडिलांना लिहिलेलं पहिलं पत्र आहे, ते ती नुसतं वाचून दाखवते, आणि घरच्या आठवणीने आवाज कसा होतो ते तुम्हीच ऐका.